नव्या टायरवर मेळघाट : दारव्ह्याहून चार दिवस

दिवस पहिला : दारव्हा, यवतमाळ, कारंजा

सौ.च्या मनगटाचं प्लास्टर निघालं आणि पुढच्याच आठवड्यात मी टायर बदलायला यवतमाळला निघालो. जूनमध्ये मृगाची पहिली सर पडून गेल्यावर लाडखेडच्या अलीकडच्या वळणावर आमची गाडी घसरली होती. वेग तीसच्या वर नव्हता. ब्रेकही जोरात दाबला नव्हता. मागचं चाक साबणावर ठेवल्यासारखं बाजूला सरकलं आणि मागे बसलेली सौ. हातावर पडली. मला खरचटलंसुद्धा नाही, आणि तेच मनाला जास्त लागलं.

मी जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. लसीकरण, रेतन, अडलेली गाय, असं करत दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज होतात. थोडा डांबरी रस्ता, थोडा सिमेंटचा, आणि शेवटचा अर्धा किलोमीटर बहुतेक वेळा पांदण. गाडी माझ्यासाठी पायासारखी आहे, म्हणून त्या दिवशी काय चुकलं ते शोधल्याशिवाय मला चैन पडेना.

टायर गुळगुळीत असता तर प्रश्न तिथेच मिटला असता. पण नक्षी चांगली शाबूत होती. खोलवर बोट फिरवलं तर खाचेतली झीज दाखवणारी पट्टी बरीच खाली लागत होती. मग टायरच्या बाजूवरचा चिखल ओल्या फडक्याने पुसला. तिथे एक लहानसा लंबगोल असतो आणि त्यात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. माझ्या मागच्या टायरवर होतं ३११९, म्हणजे २०१९ सालचा एकतिसावा आठवडा. तो टायर मी २०२३ मध्ये ‘नवा’ म्हणून, नव्याचे पैसे मोजून घेतला होता. चार वर्षं तो दुकानात पडून होता आणि त्यानंतर दोन वर्षं माझ्याबरोबर आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उभा राहिला. रबराला ऊन आणि हवा दोन्ही खातात. ते हळूहळू कडक होतं, बाजूला केसासारख्या बारीक भेगा पडतात. अंगठ्याचं नख दाबून पाहिलं तर ते टायरमध्ये रुतलंच नाही. पाटीवर दाबल्यासारखं वाटलं.

पुढचा टायर तर गाडीबरोबर आलेला, २०१७ चा. तो झिजत नाही म्हणून आपल्या लक्षातच येत नाही. गावात कुणाचीही गाडी पाहा, मागचा टायर दोनदा बदललेला आणि पुढचा मूळचाच असतो. ब्रेक मारल्यावर मात्र सगळं वजन पुढे येतं आणि गाडी थांबवायचं खरं काम पुढचाच टायर करतो. मला ही गोष्ट पंचवीस वर्षं गाडी चालवून आत्ता कळली.

आर्णी रोडवरच्या दुकानातल्या काकांना मी आधीच सांगितलं, “काका, दोन्ही टायर बदलायचे आहेत. आणि मी आकडे पाहूनच घेणार.”

“पाहा नं बाप्पा,” ते म्हणाले, “पाहूनच घ्या. शंभरातला एखादाच पाह्यते.”

त्यांनी तीन टायर माझ्यासमोर जमिनीवर ठेवले. पहिला साधा रिबचा, गोल सरळ रेषांचा, आपल्या बहुतेक गाड्यांना पुढे असतो तो. दुसरा बटन टायर, मोठमोठे गट्टू आणि मध्ये रुंद मोकळी जागा. तिसरा रस्त्याचा, मध्यभागी जवळजवळ सलग रबर आणि तिथून बाजूला तिरप्या जाणाऱ्या खाचा. दुकानात एमआरएफ होते, सिएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप, मिशेलिन. मी तिसरा, रस्त्याचा घेतला. कंपनी कोणती ते मुद्दाम सांगत नाही. एकाच कंपनीच्या दोन नक्ष्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि नाव ऐकून माणूस भलताच घेऊन येतो.

काकांनी एक गोष्ट फार नीट समजावली. खाचा असतात पाणी बाजूला फेकायला. पण साठच्या आत चालणारी मोटारसायकल पाण्यावर तरंगत नाही, कारण तिचा टायर गोलाकार आणि अरुंद असतो, तो पाणी कापत जातो. आपण घसरतो ते पहिल्या पावसात धूळ, तेल आणि पाणी मिळून जो पातळ चिकट थर होतो त्यावर. तिथे खाच किती खोल आहे यापेक्षा रबर किती मऊ आहे याला महत्त्व. टायर रस्त्याला टेकतो केवढा? एका तळहाताएवढा. तेवढ्या जागेतलं रबर रस्त्याच्या खडीच्या बारीक दातांत शिरलं पाहिजे. कडक रबर वरच्यावर सरकतं. मिश्रणात सिलिका घातलेली असेल तर ओल्या, गार रस्त्यावरही रबर मऊ राहतं.

“पण मऊ टायर लवकर झिजते,” काका म्हणाले. “आपल्याकडचा गिऱ्हाईक पह्यले इचारते, किती किलोमीटर चालीन? पकड किती, हे कोनी इचारतच नाई.”

मीही आजवर हेच विचारत आलो होतो.

माप तेच ठेवलं. पुढे ८०/१००-१८, मागे १००/९०-१८. पहिला आकडा रुंदीचा, मिलिमीटरमध्ये. दुसरा उंचीचा, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा रिमचा, इंचात. मागच्यावर पुढे ५६पी लिहिलं होतं. ५६ म्हणजे त्या चाकावर २२४ किलोपर्यंत वजन चालतं, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा वेग. रुंद टायर टाकावा असं एकदा मनात आलं होतं, पोरं टाकतात म्हणून. काकांनी सरळ नाही म्हटलं. अरुंद रिममध्ये रुंद टायर दाबला की तो मधोमध उंच होतो, वळणावर वेगळाच वागतो, आणि मडगार्डला लागून चिखल अडकतो तो निराळा.

नव्या टायरवर आकडे होते १२२५. पाच महिन्यांचाही झाला नव्हता. नख दाबलं तर बारीक चंद्रकोर उमटली आणि हळूहळू भरून आली. तेवढं पाहून माझं समाधान झालं. बसवताना बाजूचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, ते मी स्वतः पाहिलं. वॉल्व्हही नवे टाकले. जुन्या वॉल्व्हचं रबरही टायरइतकंच म्हातारं झालेलं असतं.

दुपारी दोनला निघालो. नव्या टायरच्या अंगावर साच्यातली गुळगुळीत चकाकी असते. ती घासून जाईपर्यंत, म्हणजे शे-दीडशे किलोमीटर, जपून चालवावं लागतं. दारव्ह्याला सौ.चा निरोप घेतला आणि संध्याकाळी कारंजाला मावसभावाकडे पोचलो. दिवसभर कोरडं होतं. कपाशीला डवरे चालू होते, सोयाबीन गुडघ्याएवढं. रस्त्याच्या बाजूने शकुंतलेचे रूळ झाडोऱ्यात कधी दिसत होते, कधी हरवत होते. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटरची ही छोट्या रुळांची गाडी इंग्रजांच्या कंपनीने कापूस वाहायला घातली. तिच्यातून मी लहानपणी आजोळी जायचो. कारंजाजवळ समृद्धी महामार्ग आडवा येतो. दुचाकीला तिथे बंदी आहे, आणि ती असावी असंच मला वाटतं.

दिवस दुसरा : कारंजा, मूर्तिजापूर, दर्यापूर, परतवाडा

प्रवासाचं कारण टायर नव्हतं. मावसभावाची मुलगी, माझी पुतणी, सेमाडोहकडे आश्रमशाळेत शिकवते. तिला रेनकोट, गोधडी आणि लोणच्याची बरणी पोचवायची होती. मावसभावाची गाडी अगदी माझ्याच मॉडेलची, फक्त त्याने दोन्हीकडे बटन टायर टाकलेले. “दादा, मेळघाटात जायचं म्हणजे हेच पाहिजेत,” असं त्याचं ठाम मत होतं. त्यामुळे मला आपोआप तुलना मिळाली.

सकाळी गुरुमंदिरात दर्शन घेऊन निघालो. मूर्तिजापूरला तर्री-पोहे खाल्ले आणि तिथूनच पाऊस लागला. लाखपुरीजवळ पूर्णा ओलांडली. हा सगळा खारपाणपट्टा. इथली विहीर खारट आणि माती इतकी काळी, इतकी चिकट, की पायाला लागली तर चपलेसकट पाय जड होतो. मूर्तिजापूर-दर्यापूरच्या मध्ये एका पुलाचं काम चालू होतं आणि रस्ता शेताच्या कडेने वळवलेला. मुरूम टाकलेला होता, पण तो केव्हाच खाली बसला होता. दोनशे मीटर नुसती काळी माती.

मावसभाऊ पुढे गेला. तीस-चाळीस मीटर बटन टायरने चांगली साथ दिली, माझ्यापेक्षा नक्कीच चांगली. मग गट्टूंमधल्या जागा मातीने भरल्या आणि टायर गोळा झाला. त्याच्यामागोमाग मडगार्ड आणि चाक यांच्यामध्ये माती इतकी घट्ट बसली की चाक फिरेचना. माझीही तीच गत, फक्त वीस मीटर आधी. खाली उतरून तुरीच्या वाळक्या काडीने माती उकरायला बसलो. ती लोण्यासारखी नाही, डिंकासारखी निघते, काडीबरोबर निम्मी परत चिकटते.

बांधावरून एक शेतकरी काका पाहत होते. “भाऊ, या काया मातीत टायर नाई चालत,” ते म्हणाले. “पानी उघडू द्या, दोन घंटे थांबा. नाईतं बंडीत टाकून नेतो.” त्यांनीच मग मागून ढकलून दिलं, आणि पलीकडे हापशीवर दोन्ही गाड्या धुऊ दिल्या.

हे मी मुद्दाम इतकं सांगतो आहे, कारण चिखलासाठी म्हणून बटन टायर घेणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते, आणि मग तिच्यापुढे दुचाकीचा कोणताही टायर फार टिकत नाही. तिथे उतरावं, ढकलावं, नाहीतर थांबावं. त्या अर्ध्या किलोमीटरसाठी बाकीचे साठ किलोमीटर चुकीच्या टायरवर चालवण्यात अर्थ नाही.

पक्की खात्री अंजनगाव सुर्जीच्या पुढे पटली. पानमळे मागे पडले, रस्ता सरळ आणि रिकामा, पाऊस बारीक. एका किलोमीटरच्या दगडापाशी ब्रेक लावायचा असं ठरवलं, चाळीसच्या वेगाने, दोन्ही ब्रेक एकत्र, चाक लॉक होऊ न देता. आधी मी थांबलो, मग तो. तो माझ्या पुढे पाच पावलं जाऊन थांबला. मग गाड्या बदलल्या. मी त्याच्या गाडीवर बसलो आणि माझी चार पावलं वाढली. पावलांपेक्षा मला जाणवलं ते वेगळंच. ब्रेक दाबला की गट्टू आधी वाकतात, गाडी क्षणभर अंग चोरल्यासारखी हलते, आणि मग पकडते. रुंद मोकळ्या जागांमुळे डांबराला टेकणारं रबरच कमी. मावसभाऊ काही बोलला नाही. दगडापासून पावलं मात्र त्याने स्वतः पुन्हा मोजली.

परतवाड्याला लॉजवर मुक्काम. रात्री झुणका-भाकर आणि ठेचा.

दिवस तिसरा : परतवाडा, घटांग, सेमाडोह, चिखलदरा

सकाळी निघण्याआधी टायर गार असताना हवा पाहिली. माझ्याकडे पेनासारखं छोटं गेज आहे. गाडीच्या स्टिकरवर पुढे २५, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३३ लिहिलं आहे. टायर तापला की आतली हवाही तापते आणि आकडा दोन-तीनने वाढतो, म्हणून पन्नास किलोमीटर चालून आल्यावर पंपावर हवा मोजण्यात काही हशील नाही. मावसभाऊ म्हणाला, “दादा, पाण्याचे दिवस हायेत, चार-पाच पाॅइंट कमी करू का?” लॉजसमोरच्या पंक्चरवाल्या भाऊने ऐकलं आणि तोच मध्ये पडला, “कायले कमी करता? हवा कमी केली त टायर पसरते, पानी कापत नाई. जेवढी लिवली तेवढीच ठेवा.” त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. हवा कमी असली की खाचा मिटतात आणि टायर पाण्याखालून रस्त्यापर्यंत पोचायला उशीर लावतो. कोरड्या वाळूत हवा कमी करतात, ते इथे आणायचं नाही.

घटांगचा घाट लागला आणि सगळंच बदललं. सागाची पानं ताटाएवढी, रस्त्यावर पडून डांबराला चिकटलेली. वळणावळणाला डोंगरातून आलेलं पाणी रस्ता ओलांडून दरीत उतरत होतं आणि त्याबरोबर बारीक खडी आडवी पसरत होती. रस्त्याच्या कडेला, जिथे ऊन कधी लागतच नाही, तिथे हिरवं शेवाळ. गुरांचं शेण तर कोरकूंच्या प्रत्येक गावाजवळ. शेण, शेवाळ, ओली पानं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे, या चार गोष्टींवर जगातला कुठलाही टायर पकडत नाही असं समजूनच चालवायचं. तिथे गाडी सरळ ठेवायची, ब्रेक सोडून द्यायचा, निघून जायचं. टायरची परीक्षा त्यानंतरच्या दोन फुटांत होते. चाक पानावरून सरकलं आणि पुन्हा डांबरावर आलं की ते किती लवकर पकडतं, ते महत्त्वाचं.

एका वळणावर मला ते स्पष्ट कळलं. समोरून एसटी आली, मी कडेला घेतलं आणि पुढचं चाक शेवाळावर गेलं. हँडल हातात हलकं झालं. पोटात गोळा आला, लाडखेडचं वळण डोळ्यांसमोर उभं राहिलं. हात मी हलवू दिला नाही. हातभर पुढे जाऊन चाक डांबरावर आलं आणि हँडलला वजन परत आलं. आवाज नाही, झटका नाही. कुणीतरी मनगट धरावं तसं ते वजन परत आलं. मी पुढच्या सपाटीवर गाडी थांबवली आणि पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. जुना टायर असता तर काय झालं असतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मावसभाऊ त्या घाटात वीसच्या वर गेला नाही. तो समजूतदार चालक आहे, त्याने टायर ओळखून वेग ठेवला. आणि सेमाडोहच्या पुढे आश्रमशाळेकडे जायचा दोन किलोमीटर दगड-मुरुमाचा रस्ता लागला तेव्हा तो माझ्या कितीतरी पुढे निघून गेला. तिथे त्याचे गट्टू दगडांच्या मध्ये नखासारखे रुतत होते आणि माझी गाडी गोट्यांवरून घरंगळल्यासारखी डोलत होती. पुतणी रोज अशा रस्त्याने ये-जा करते. तिच्यासारखीला बटन टायरच योग्य, असं मी तिला सांगितलंही. वर्षातले दोनशे दिवस आपण कशावरून चालतो ते मोजावं, आणि मग दुकानात जावं.

तिने आम्हाला सिपना नदीच्या काठी नेलं. गढूळ पाणी दोन्ही थड्या धरून चाललं होतं. चुलीवरचा चहा, आणि मुलांनी कोरकूत म्हटलेलं एक गाणं. लोणच्याची बरणी फुटली नव्हती.

संध्याकाळी चिखलदरा, १,११८ मीटर. धुकं इतकं की मावसभावाचा मागचा दिवा दहा फुटांवर विझल्यासारखा वाटे. गाविलगड पाहायचा होता, दिसला नाही. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो घेतला आणि त्याच महिन्यात खाली सुर्जी-अंजनगावला तह झाला. ज्या रस्त्याने आम्ही ब्रेक मोजत आलो त्याच रस्त्यावरचं हे गाव. इथल्या कॉफीचा एक कप घेतला आणि झोपलो.

दिवस चौथा : चिखलदरा ते दारव्हा

धामणगाव गढीच्या बाजूने उतरलो. खाली येईपर्यंत ऊन पडलं आणि परतवाड्याला रस्ता कोरडा ठणठणीत. तासाभरात गारठ्यातून उन्हात, ओल्यातून कोरड्यात. आपल्याकडचा पावसाळा असाच असतो, म्हणून नुसता पावसाचा किंवा नुसता उन्हाचा टायर आपल्या कामाचा नाही. साठच्या वेगाला गाडी रेषेत चालत होती. बटन टायरचा तो घुमणारा आवाज मागून येत होता, मला माझ्या गाडीचा फक्त इंजिनाचा ऐकू येत होता.

दर्यापूरच्या पुढे शकुंतलेचे रूळ रस्त्याला तिरपे जातात तिथे सर आली. ओलं लोखंड शेवाळाइतकंच निसरडं. मी रुळांना काटकोन होईल अशी गाडी वळवून घेतली आणि मग ओलांडलं. मावसभावाने माझं पाहून तसंच केलं. कारंजाला त्याला सोडलं. फाटकात उभा राहून त्याने विचारलं, “दादा, पुढचं माप काय म्हटलं तुम्ही?” मी त्याच्या फोनमध्ये लिहून दिलं.

दारव्ह्याच्या अलीकडे गाडी मागून जड वाटली. बाभळीचा काटा, दोन इंचाचा. ट्यूबलेस होता म्हणून हवा एकदम गेली नाही. काटा तसाच ठेवून, पायपंपाने दोनदा हवा भरत घरी आलो आणि चौकात स्ट्रिप टाकून घेतली.

रात्री अंगणात दिवा धरून टायर पाहिले. मधली चकाकी गेली होती, रबर मळकट काळं झालं होतं. कडेला बोटभर पट्टी अजून तशीच चकचकीत, आणि तिच्यावर साच्यातले रबराचे केस उभे. घाटातही मी तिथपर्यंत गाडी वाकवली नव्हती.

सकाळी सौ. पिशवी घेऊन बाहेर आली. तिला यवतमाळला बहिणीकडे जायचं होतं. जूनपासून ती गाडीवर बसली नव्हती, एसटीनेच जात होती. मी चावी घेतली तशी ती टायरजवळ वाकली, अंगठ्याचं नख दाबलं, थोडा वेळ पाहिलं.

“हवा दोघांची आहे का एकट्याची?” तिने विचारलं.

एकट्याची होती. मी पायपंप काढला.